पानठेल्यावरचा चॅम्पियन नॅशनलला का हरतो?

“आमच्या गावात एक जण आहे ना, तो नॅशनलवाल्यांनाही पाणी पाजेल!”

मित्रहो, हे वाक्य हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेले आहे, आणि बहुतेकांनी म्हटलेलेही आहे. कुणाच्या गावी असा बॉलर असतो, कुणाच्या गावी बुद्धिबळवाला, कुणाच्या गल्लीत असा गायक की टीव्हीवरचे सगळे त्याच्यापुढे फिके! पुढचे वाक्यही ठरलेले. “पण त्याला चान्सच मिळाला नाही यार!” मग सगळे दोन मिनिटे हळहळतात, कुणीतरी सिस्टिमला शिव्या घालतो, आणि तेवढ्यात मेस उघडते. विषय संपला.

माझे म्हणणे असे की हे वाक्य खोटे आहे. गोड आहे, आपुलकीचे आहे, पण खोटे आहे. तो गावचा चॅम्पियन नॅशनलवाल्याला पाणी पाजणार नाही. तो हरेल, आणि चांगला सणसणीत हरेल. हे आधी मान्य केल्याशिवाय त्याच्यासाठी काही करताच येत नाही असे मला वाटते, म्हणून हा लेख. (माझे शिक्षण कॉन्व्हेंटचे. ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाने घेतली आहे, तेव्हा तक्रारी तिकडे!)

मी बोलणार आहे कॅरमबद्दल, कारण तो खेळ मी लहानपणापासून बघत आले आहे.

माझे गाव चिचगड. गोंदिया जिल्हा, देवरी तालुका. देवरीहून बस आत वळली की जंगल, धानाचे बांध, पुन्हा जंगल, आणि मग आमचे गाव. छत्तीसगडची हद्द काही फार लांब नाही. हॉस्टेलवर गावाचे नाव सांगितले की दोनच प्रतिक्रिया येतात. एक, “हे कुठे आलं?” आणि दुसरी, “तिकडे नक्षलवादी होते ना?” तिसरी प्रतिक्रिया आजवर कुणी दिली नाही, म्हणून मीच सांगते. आमच्याकडे कॅरम फार चांगला खेळतात!

आमचे किराणा दुकान, त्याला लागून पानठेला, आणि ठेल्यासमोर टिनाच्या शेडखाली एका ड्रमवर ठेवलेला कॅरम बोर्ड. वर एक बल्ब. धान निघाले की किंवा तेंदूपत्त्याचा हंगाम उरकला की त्या बल्बखाली पाय ठेवायला जागा नसते. दुकानाच्या गल्ल्यावर बसून अभ्यास करता करता मी जेवढा कॅरम पाहिला तेवढी फिजिक्सची पुस्तके पाहिली नसतील. तिथे सगळ्यात मोठे नाव म्हणजे आमचे मिस्त्रीकाका. दिवसभर ट्रॅक्टर आणि मोटरपंप खोलून बसणारा माणूस. नखांत कायम काळे ग्रीस. पण त्या बोटाने टिचकी मारली की गोटी अशी जायची जणू पॉकेटनेच तिला बोलावले आहे. (पुण्याकडचे मित्र सोंगटी म्हणतात. आमच्याकडे गोटीच.) समोरच्या फ्रेमवर मारून डबल, मागे गेलेली गोटी अंगठ्याने, तीन गोट्यांच्या फटीतून कट... पब्लिक ओरडायची आणि काका शांतपणे बिडी पेटवायचे.

साहजिकच गावात सगळ्यांचे एकमत होते की मिस्त्रीकाका नॅशनलवाल्यांना पाणी पाजतील.

काही वर्षांपूर्वी ते गोंदियाला एका स्पर्धेत खेळून आले. पहिली मॅच कशीबशी काढली. दुसऱ्या मॅचमध्ये एका सतरा-अठरा वर्षांच्या, क्लबचा टी-शर्ट घातलेल्या पोराने त्यांना सरळ दोन गेममध्ये घरी पाठवले. गावात लगेच कारणे तयार झाली. अंपायर त्यांचाच होता, लॉट फिरवला, वगैरे. काकांनी मात्र यातले एकही कारण दिले नाही. आमच्या दुकानात बिडीचे बंडल घ्यायला आले तेव्हा मी विचारलेच. म्हणाले, “पोरी, आपला बोर्ड आपल्याले ओळखते. त्यायचा बोर्ड आपल्याले ओळखत नाई. अन् तो पोट्टा गोटी घेतच नव्हता ना! मी घेत होतो, अन् तो जिंकत होता.”

त्या वेळी मला हे कोडेच वाटले. आज वाटते की स्थानिक खेळाडू आणि स्पर्धेतला खेळाडू यांच्यातला सगळा फरक काकांनी दोन वाक्यांत सांगितला होता.

आधी दुसरे वाक्य घेऊ. आपण ठेल्यावर, घरी, हॉस्टेलवर जो कॅरम खेळतो तो बहुतेक वेळा पॉइंटचा. काळी १०, पांढरी २०, राणी ५०. जी दिसेल ती गोटी घ्या, ज्याच्याकडे जास्त तो जिंकला. स्पर्धेत असे नसते. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, एक राणी. तुमचा रंग ठरलेला. बोर्ड जो संपवेल त्याला गुण मिळतात ते समोरच्याच्या बोर्डावर उरलेल्या गोट्यांचे, प्रत्येकी एक. राणी घेऊन कव्हर केली असेल आणि बोर्डही तुम्हीच जिंकला तर तिचे तीन, तेही तुमचे २१ गुण होईपर्यंतच. २२ वर पोचलात की राणीची किंमत शून्य. गेम २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा. तीनपैकी दोन गेम घेतले की मॅच.

आता विचार करा. गुण जर समोरच्याच्या उरलेल्या गोट्यांवर मिळत असतील, तर स्वतःच्या आठ गोट्या धडाधड घेऊन नववीला अडकणारा माणूस मूर्ख ठरतो. पॉकेटच्या तोंडावर बसलेली आपली गोटी ही आपली चौकीदार. ती लगेच घ्यायची नसते. ती तिथे असेपर्यंत समोरच्याला त्या पॉकेटमध्ये जाणे अवघड. आधी कठीण गोट्या मोकळ्या करायच्या, समोरच्याच्या गोट्या एकमेकींना चिकटवून ठेवायच्या, आणि शेवटी सोप्या गोट्या एका हाताने पुसून टाकल्यासारख्या घ्यायच्या. मिस्त्रीकाका पंचवीस वर्षे जे शिकले ते याच्या बरोबर उलटे होते. दिसली की घे! पब्लिक टाळ्या वाजवते ती कठीण शॉटला. स्पर्धेत कठीण शॉट मारायची वेळ आली याचा अर्थ तुम्ही आधीच कुठेतरी चुकलात.

गंमत म्हणजे हे फक्त कॅरमचे नाही. आपले सिनिअर्स पुण्या-बंगलोरच्या कंपन्यांत लागले की कॅन्टीनमधल्या फूसबॉलवर हात साफ करतात, आणि दांडा गरगर फिरवून गोल मारणारा तिथला हिरो असतो. त्या खेळाच्या अधिकृत स्पर्धांत दांडा पूर्ण फिरवायलाच बंदी आहे. म्हणजे हिरोचे मुख्य अस्त्रच फाऊल!

आता काकांचे पहिले वाक्य. बोर्ड ओळखतो म्हणजे काय? इथे आपण इंजिनिअरिंगवाले आहोत तर थोडे आकडे होऊन जाऊ देत.

स्पर्धेच्या बोर्डाची खेळायची जागा ७३.५ ते ७४ सेंटिमीटर चौरस. पॉकेटचा व्यास ४.४५ सेंटिमीटर. गोटीचे वजन ५ ते ५.५ ग्रॅम, आणि स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा. बोर्ड इतका गुळगुळीत हवा की पूर्ण जोराने मारलेला स्ट्रायकर साडेतीन वेळा इकडून तिकडे गेला पाहिजे. आता आपल्या हॉस्टेलचा बोर्ड आठवा. अर्ध्या वाटेत स्ट्रायकर विश्रांती घेतो! पावसाळ्यात प्लाय फुगते, मग डावीकडच्या पॉकेटकडे चढ लागतो. असल्या बोर्डावर गोटी पोचवायची तर स्ट्रायकर जड लागतो, म्हणून गावोगाव जड स्ट्रायकर चालतात. आपल्या हॉस्टेलचा स्ट्रायकर मी केमिस्ट्री लॅबच्या काट्यावर ठेवून पाहिला. (लॅब असिस्टंट काकांचे आभार. त्यांनी काही विचारले नाही.) भरला २३ ग्रॅम.

गोटी ५.२५ ग्रॅमची धरा आणि टक्कर समोरासमोर, इलॅस्टिक. फर्स्ट इयरचेच गणित. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर असेल तर गोटी त्याच्या वेगाच्या १.४८ पट वेगाने सुटते आणि स्ट्रायकरकडे ०.४८ पट वेग उरतो. २३ ग्रॅमचा असेल तर गोटी १.६३ पट आणि स्ट्रायकरकडे ०.६३. म्हणजे गोटीच्या वेगात फरक जेमतेम दहा टक्क्यांचा, पण टकरीनंतर स्ट्रायकर कुठे जाऊन थांबेल यात तीस टक्क्यांचा! आणि स्पर्धेत निम्मा खेळ गोटीचा नसून स्ट्रायकरनंतर काय घडते याचा असतो. शिवाय तोच टिचकीचा जोर हलक्या स्ट्रायकरला लावला तर तो जास्त वेगाने सुटतो, वर गुळगुळीत बोर्ड, मग गोटी पॉकेटच्या कडेवर आपटून बाहेर येते. बोटांना सवय झालेली असते एका वजनाची. डोक्याने कितीही समजावले तरी बोट ऐकत नाही.

हे सगळे मी कागदावरच सिद्ध करत बसले असते, पण मागच्या सेमिस्टरला आपल्याच मेसमध्ये याचे प्रॅक्टिकल झाले. ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी वृत्तांत देते.

मेकॅनिकल थर्ड इयरचा एक जण शाळेत असताना राज्य पातळीपर्यंत खेळलेला आहे. त्याने घरून स्वतःचा बोर्ड आणला, ट्रॅव्हल्सच्या डिकीत घालून. आणि आपल्या मेसमध्ये पोळ्या करणारे दादा हे हॉस्टेलच्या बोर्डाचे अनभिषिक्त सम्राट, हे तर वॉर्डन सरांनाही माहीत आहे. रविवारी दुपारी, मेस आवरल्यावर, दोघांची मॅच लावली. प्रथम हॉस्टेलच्या बोर्डावर, हॉस्टेलच्या स्ट्रायकरने, पण नियम स्पर्धेचे. दादा २-१ ने जिंकले! काय तो दंगा. बॉइज हॉस्टेलने मेसची दोन बाके मोडली. (भरपाई अजून बाकी आहे, असे कळते.) मग तीच मॅच थर्ड इयरवाल्याच्या बोर्डावर, १५ ग्रॅमच्या स्ट्रायकरने. निकाल २५-४, २५-७. दादा हरले, आणि दंगा करणारे सगळे अचानक मोबाईल बघायला लागले.

खरी गोष्ट याच्या पुढची आहे. त्या मुलाने, त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे, आपला बोर्ड तीन आठवडे मेसच्या कोपऱ्यात ठेवू दिला. दादा रोज रात्री भांडी झाली की तासभर एकटेच खेळायचे. मध्ये दोन-चार वेळा त्या मुलाने त्यांना सांगितले की तोंडावरची गोटी घेऊ नका, ठेवा. तीन आठवड्यांनी पुन्हा मॅच झाली. २५-१७, २५-१९.

हरले. तरीही हरलेच! कुणाला वाटले असेल की आता सिनेमासारखे दादा जिंकणार, तर तसे झाले नाही. पण ४ आणि ७ चे १७ आणि १९ व्हायला किती लागले? एक चांगला बोर्ड, एकवीस रात्री, आणि आपल्यापेक्षा चांगला खेळणारा एक माणूस. यात देवाने दिलेला हात कुठेच बदललेला नाही. तोच हात, तीच पोळ्या लाटून भरून आलेली बोटे.

म्हणून मला “चान्स मिळाला नाही” हे वाक्य आवडत नाही. चान्स म्हणजे जणू लॉटरीचे तिकीट. एक दिवस कुणीतरी गाडीतून उतरेल, आपल्या माणसाला बघेल आणि घेऊन जाईल. मिस्त्रीकाकांना चान्स मिळाला होताच की! गोंदियाची स्पर्धा सगळ्यांना खुली होती. पण चान्स मिळाला तो परीक्षेला बसायचा. त्याआधीचा अभ्यासक्रम, पुस्तक, मास्तर यातले काहीच नव्हते.

जे जिंकले त्यांच्याकडे बघा. २०२४ मध्ये अमेरिकेत कॅरमची विश्वविजेतेपदाची स्पर्धा झाली, तिथे चेन्नईच्या काझिमाने तीन सुवर्णपदके घेतली. बातम्यांचे मथळे सगळे एकाच छापाचे होते, रिक्षावाल्याची मुलगी जगज्जेती. खरे आहे, आणि डोळ्यांत पाणी यावे असेच आहे. पण बातमीत खाली एक ओळ असायची, ती आपण वाचली का? तिचे वडील स्वतः वस्तीत कॅरमचे कोचिंग सेंटर चालवायचे. म्हणजे गरिबी होती, पण बोर्ड होता, नियम होते, रोज हरवणारे कुणीतरी समोर होते. त्याच चेन्नईचे मारिया इरुदयम दोनदा विश्वविजेते झाले आणि अर्जुन पुरस्कार मिळवणारे पहिले कॅरमपटू ठरले. ज्या शहरात १९८८ साली आंतरराष्ट्रीय कॅरम फेडरेशन स्थापन झाले त्याच शहरातून असे खेळाडू यावेत, हा योगायोग नाही. आपल्या मुंबईचे प्रशांत मोरे २०१६ मध्ये बर्मिंगहॅमला विश्वविजेते झाले. ते रिझर्व्ह बँकेचे खेळाडू. बँक, एलआयसी, पेट्रोलियम कंपन्या यांच्या टीम असतात, नोकरीत राहून खेळता येते. महिन्याच्या एक तारखेला पगार येतो म्हणून संध्याकाळी चार तास प्रॅक्टिस होते. मिस्त्रीकाकांची संध्याकाळ पावसाळ्यात कुणाच्या तरी चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरखाली जाते.

कुणी म्हणेल, खेड्यातली माणसे प्रोफेशनल होऊच शकत नाहीत का? आमच्याच भागात याचे रोखठोक उत्तर आहे. झाडीपट्टीची नाटके! पुण्या-मुंबईच्या मित्रांना सांगते, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर रात्र रात्र नाटके चालतात. वडसा हे त्या कंपन्यांचे माहेरघर. तिकीट असते, तारखा बुक होतात, नटांना मानधन ठरलेले असते. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. त्यांना कुणी “गावातला हौशी नट, पण मुंबईवाल्यांना भारी पडेल” असे म्हणत नाही. म्हणायची गरजच नाही, कारण ते त्यांच्या रंगभूमीचे प्रोफेशनलच आहेत. रोज रात्री तिकीट काढलेल्या प्रेक्षकासमोर उभे राहणे हीच त्यांची प्रॅक्टिस. मंडप आहे, हंगाम आहे, पैसा आहे, म्हणून नट घडतात. कॅरमला आमच्याकडे ड्रम आणि बल्ब आहे.

उलट बाजूचे उदाहरण बुद्धिबळातले. सुलतान खान नावाचा पंजाबातला एक माणूस आपले देशी नियमांचे बुद्धिबळ खेळायचा, ज्यात प्यादे पहिल्या चालीत दोन घरे जात नाही. एका धनाढ्य सरदाराने त्याला आंतरराष्ट्रीय नियम शिकवले, विलायतेला नेले, आणि हा पठ्ठ्या १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश चॅम्पियनशिप जिंकला! माजी विश्वविजेत्या कापाब्लांकालाही त्याने हरवले. पण मालक भारतात परतला तसा तोही परतला, आणि खेळ संपला. फिडेने त्याला मानद ग्रँडमास्टर केले ते २०२४ मध्ये, मृत्यूनंतर जवळजवळ सहा दशकांनी. प्रतिभा नक्कीच होती. पण ती एका माणसाच्या मर्जीवर टांगलेली होती.

आता मी स्पर्धेचा कॅरम हाच खरा आणि ठेल्यावरचा खोटा असे म्हणते आहे का? अजिबात नाही! ठेल्यावरच्या खेळात जी मजा आहे ती पंधरा सेकंदांत स्ट्रोक मारायच्या त्या शिस्तीत नाही. ठेल्यावर चिडवणे हा खेळाचा भाग असतो, स्पर्धेत त्यावर ताकीद मिळते. एक चहा पैजेवर लागला की माणसे जिवावर उदार होऊन खेळतात. (चहापर्यंतच ठीक. पैसे लावायला लागले की काय होते ते बघायचे तर २०१० चा ‘स्ट्रायकर’ सिनेमा बघा, मालवणीतल्या कॅरमच्या जुगाराचा.) ठेल्यावरचा कॅरम तसाच राहू दे. माझे भांडण ठेल्याशी नाही. भांडण आहे ते आपण बाहेर येऊन मारतो त्या बढाईशी. कारण “तो नॅशनलवाल्याला हरवेल” असे म्हटले की आपले काम संपते. तो आधीच श्रेष्ठ आहे, मग त्याला बोर्ड कशाला हवा? कोच कशाला? नुसता चान्स हवा, आणि तो देणे काही आपल्या हातात नाही. छान सुटका होते आपली!

अजून एक बोलायचे आहे, नाहीतर गर्ल्स हॉस्टेल मला आत घेणार नाही. आमच्या गावचा चॅम्पियन पुरुषच का? कारण बोर्ड पानठेल्यावर आहे. मी पंधरा वर्षे तो खेळ दहा फुटांवरून पाहिला आणि त्या बोर्डाला कधी हात लावला नाही. लावला असता तर दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानात उधारीऐवजी माझीच चर्चा असती. मी खेळायला शिकले ते इथे, गर्ल्स हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये, जिथे बोर्ड आहे पण राणी नाही. राणीच्या जागी लाल नेलपॉलिश लावलेली काळी गोटी आहे. चिचगडला मिस्त्रीकाकांपेक्षा चांगला हात एखाद्या काकूचा असेल. कुणी मोजलाय? महिला एकेरीत भारताच्या मुली वर्षानुवर्षे जग जिंकत आहेत, आणि आमच्या गावात मुलीला स्ट्रायकर धरायला मोबाईलवरचा कॅरम पूलच बरा, तिथे कुणी बघत नाही. त्यात नेम धरायला आयती रेघ दिसते ही वेगळीच फसवणूक!

आता कॉलेजपुरते बोलते, क्रीडा विभागाच्या सरांनी रागावू नये. आपल्या स्पोर्ट्स रूममध्ये स्पर्धेच्या मापाचा एक बोर्ड आहे. गॅदरिंगच्या आठवड्यात तो बाहेर निघतो, फायनल होते, फोटो होतो, आणि बोर्ड पुन्हा कपाटामागे जातो. उरलेले अकरा महिने सगळे जण फुगलेल्या प्लायवर २३ ग्रॅमच्या स्ट्रायकरने चुकीच्या सवयी लावून घेतात, आणि इंटर कॉलेजला पहिल्या राउंडमध्ये हरून आल्यावर आपण अंपायरला शिव्या देतो. तो बोर्ड रोज संध्याकाळी दोन तास मेसमध्ये ठेवायला काय हरकत आहे? किल्लीची सही मी करीन. बोरिक पावडरचा खर्च वर्गणीतून काढू. १५ ग्रॅमचे चार स्ट्रायकर आणि नियमांची एक छापील प्रत भिंतीवर, एवढे झाले तरी पुरे. राणीचे काय ते गर्ल्स हॉस्टेल बघून घेईल.

एनएसएसच्या शिबिरासाठी दरवर्षी गाव शोधतात. सात दिवस आपण तिथे रस्ता झाडतो, पथनाट्य करतो आणि परत येतो. यंदा चिचगडकडे चला. पथनाट्य करूच, पण येताना योग्य मापाचा एक बोर्ड शाळेत किंवा वाचनालयात ठेवून येऊ, जिथे मुलीही खेळू शकतील. चांगला बोर्ड काही हजारांत येतो. आपल्या एका फ्रेशर्स पार्टीच्या डीजेपेक्षा नक्कीच कमी! आणि थर्ड इयरवाल्याला सोबत घेऊ. मिस्त्रीकाकांना त्याच्याशी खेळायचे आहे. मी सुट्टीत गेले तेव्हा त्यांना मेसमधल्या मॅचची गोष्ट सांगितली, तर पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो हा, “पंधरा गरामचा स्ट्रायकर कोठी भेटते?” मी नागपूरहून एक नेऊन दिला आहे. सध्या ते त्याला शिव्या घालत खेळतात.

राहता राहिली गॅदरिंगची स्पर्धा. ती “फक्त नियमित विद्यार्थ्यांसाठी” आहे. म्हणजे हॉस्टेलमधला सगळ्यात चांगला खेळाडू, जो आपल्याला रोज दोन वेळा जेवू घालतो, तो आपल्याच मेसमध्ये भरणाऱ्या स्पर्धेत खेळू शकत नाही. त्याने खुर्च्या मांडायच्या आणि फायनलला चहा द्यायचा. इंटर कॉलेजच्या टीममध्ये बाहेरचा माणूस चालणार नाही हे समजू शकते, ते युनिव्हर्सिटीचे नियम. पण गॅदरिंग आपले आहे, त्याचे नियम आपणच टाईप करतो. कर्मचाऱ्यांचा वेगळा गट नको, तो करून पुन्हा वेगळेच बसवल्यासारखे होईल. एकच खुला गट हवा, विद्यार्थी, सर, मॅडम, मेस, सिक्युरिटी, माळीकाका सगळे एकाच ड्रॉमध्ये. सर लोक पहिल्या राउंडमध्ये बाद होण्याची भीती असेल तर त्यांनीही तीन आठवडे प्रॅक्टिस करावी!

मी गेल्या आठवड्यात क्रीडा समितीकडे तसा अर्ज दिला आहे, खाली सत्तेचाळीस सह्या आहेत. प्रवेशाचा फॉर्म मेसच्या दादांना आधीच नेऊन दाखवला. त्यांनी नाव लिहिले, मोबाईल नंबर लिहिला, आणि मग पेन थांबवून विचारले की ‘शाखा’ आणि ‘वर्ष’ या दोन रकान्यांत काय लिहायचे.